पान एकशे अठरापर्यंतचा मोजणीदार

३ मार्च

प्रिय आत्या,

"आम्ही सातजण गेलो आणि सातजण आलो, फक्त तेच सात नव्हेत." काका हे वाक्य माझ्यासमोर एकदाच म्हणाले. मी नऊ वर्षांची होते. तुमच्या जेवणाच्या टेबलाशी मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि त्याच क्षणी तुझ्या हातून पाण्याचा जग सांडला. सगळे फडकी शोधायला उठले आणि वाक्य तिथंच राहून गेलं. मोहिमेवर जाऊन आलं की माणूस बदलतो, असं काहीतरी त्यांना म्हणायचं असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

आज ते आठवलं, कारण तुझं पुस्तक माझ्या टेबलावर आहे. काकांच्या रोजनिश्यांवरून तू ते किती जिवापाड केलं आहेस हे पानोपानी दिसतं. त्याची सूची माझ्याकडे यावी म्हणून मी ऑफिसात जवळजवळ भांडले. आमच्याकडे इतिहास, कायदा, छोटे उद्योग आणि शोधमोहिमा एवढंच छापतात. बावीस वर्षं मी या चारांच्या सूच्या करते आहे. सध्या डाव्या हाताला भाडेकरूंचा कायदा आहे, उजव्या हाताला 'दुकान कसं चालवावं' आहे, आणि मधे तू. काल घाईत 'कुलूप' ही नोंद तिन्ही पुस्तकांच्या चिठ्ठ्यांत गेली. तुझ्या पुस्तकात एकही कुलूप नाही.

तुझ्या पुस्तकाची सूची अवघड आहे, कारण त्यात कुणालाच नाव नाही. काका माणसाला त्याच्या कामानं हाक मारत आणि तू ते तसंच ठेवलंस. स्वयंपाकी, डॉक्टर, वायरलेसवाला, खेचरवाला, दोरवाला, मोजणीदार आणि 'मी', म्हणजे मोहीमप्रमुख काका, असे हे सातजण. मी प्रत्येकाची एक पेटी करते. तो पुस्तकात आला की पान नंबर घालून एक चिठ्ठी टाकते, आणि तो काय करतो ते चिठ्ठीवर दोन शब्दांत लिहिते. सहाजणांच्या पेट्या छान भरल्या. मोजणीदाराच्या मात्र दोन झाल्या.

कशा झाल्या ते सांगते. पान एकशे अठरापर्यंत त्याला जाड काचांचा चष्मा आहे, खेचर जवळ आलं की तो डॉक्टरांच्या मागे लपतो, रोज संध्याकाळी आकडे लिहितो आणि त्याची बडबड थांबत नाही. मग तळ्याकाठचा तो अकरा दिवसांचा मुक्काम येतो, आणि एकशे एकोणीसपासून चष्मा नाही. खेचरांना कान धरून नदीतून तोच नेतो. चाळीस पानं तो एक शब्द बोलत नाही. मोहिमेचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करतो. आणि आत्या, एकशे अठरापर्यंत प्रत्येक उंची फुटांत आहे, पुढे प्रत्येक ठिकाणी 'अंदाजे'. मोजणीदार असताना अंदाज कशाला?

माझ्या हातानं आपोआप 'मोजणीदार (१)' आणि 'मोजणीदार (२)' असं लिहिलं गेलं. माझंच काहीतरी चुकत असणार. हा मोजणीदार म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे आपले घड्याळजी, ते तर घरचेच. मोजणीदार असून स्टेशनची वाट चुकतात म्हणून आपण सगळे त्यांना हसत आलो. तरी कुठे चुकलं ते सांग, मला सापडत नाही.

आणखी एक. फोटोतल्या माणसांच्या नातेवाइकांना परवानगीचं पत्र पाठवायची आमच्याकडे रीत आहे. जुन्या कागदांत पत्ते होते, त्यावर पाठवली. घड्याळजींना एक बहीण आहे हे मला माहीतच नव्हतं!

तब्येत जप. घड्याळजींना माझा नमस्कार सांग.

तुझी
ठमी

*

११ मार्च

ठमे,

तुझं पत्र वाचून मी तासभर नुसती बसून राहिले. एवढा अभ्यास शाळेत केला असतास तर!

मोजणीदार एकच. दोन पेट्यांची एक कर. तळ्याकाठी त्याला ताप आला होता, चष्मा फुटला, आणि तापातून उठलेला माणूस चाळीस पानं गप्प बसला तर त्यात नवल काय? मी बाळंतपणानंतर दोन महिने तोंड उघडलं नव्हतं, तुझा बाप साक्षीला होता. उंच्या अंदाजे आहेत, कारण मोजायची यंत्रं नदीत गेली. ते पुस्तकात लिहायचं राहिलं असेल. ह्यांचं अक्षर तुला ठाऊक आहे, मुंगी शाईतून चालत गेल्यासारखं. भिंग घेऊन वाचलंय मी ते.

आणि माणूस खेचराला घाबरतो आणि मग घाबरत नाही, यात काय मोठं? मी तुझ्या काकांना घाबरत होते पहिली दोन वर्षं.

घड्याळजी आत्ता समोरच बसलेत. चारचा चहा चाललाय. तुझा नमस्कार पोचवला. "ठमी तुमचे दोन करते आहे," असं मी म्हटलं तर हसले. मग म्हणाले, "करू दे, एकाचं ओझं फार होतं." त्यांचं बोलणं तुला माहीत आहे, त्याला शेंडा नाही, बुडखा नाही.

पण त्यांच्या बहिणीला पत्र कुणाला विचारून पाठवलंस? नसती उठाठेव आहे ही. फोटो नको असेल तर काढून टाका. सगळेच फोटो काढून टाका. तिचं उत्तर आलं तर तू काही लिहू नकोस, मला पाठव. समजलं का? मला पाठव.

गुडघे बरे आहेत.

आत्या

*

१५ मार्च

प्रिय आत्या,

चुकलं. यंत्रं नदीत गेली म्हणतेस, तर सगळंच जुळतं. दोन्ही पेट्या एकत्र केल्या. 'मोजणीदार' अशी एक नोंद झाली, एकशे त्र्याऐंशी चिठ्ठ्या. सूचीकाराला हा रोगच असतो. फार बारीक बघितलं की सरळ माणूससुद्धा तुकड्यांत दिसतो. मागे एका इतिहासाच्या पुस्तकात मी एकाच राजाला बापलेक करून टाकलं होतं. लेखकानं मला मिठाईचा पुडा पाठवला आणि 'बारशाबद्दल' असं लिहिलं.

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी त्या बहिणीचं उत्तर आलं होतं. छोटंसं आहे, जसंच्या तसं उतरवते:

'फोटो छापा. माझी हरकत नाही. तो मोहिमेवरून परत आला हे मला सरकारी यादीतून कळलं. माझ्या दारात आला नाही. मी तीन पत्रं टाकली, तिसऱ्याला तुमच्या मोहीमप्रमुखांचं उत्तर आलं की तो बरा आहे, त्याला त्रास देऊ नये. दिला नाही. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर. पूर्ण पुस्तक वाचवणार नाही. सूचीत त्याची पानं असतील तेवढे आकडे कळवा. तेवढीच वाचेन. पत्ता बदललेला नाही, कारण उघड आहे.'

आत्या, मी हे चारदा वाचलं. ऑफिसच्या जिन्यात जाऊन वाचलं, कारण टेबलाशी डोळे पुसता येत नाहीत. 'कारण उघड आहे' म्हणजे तो येईल म्हणूनच ना? चाळीस वर्षं त्याच घरात?

आणि आपले घड्याळजी! मुंगीला वाट देणारा माणूस. बहिणीच्या दारात जात नाही म्हणजे भांडण तरी कसलं असेल? एका आईच्या पोटच्या माणसांत एवढं काय होतं?

तू रागावशील, पण तुझं पत्र मिळालं तोवर मी तिला उत्तर टाकून बसले होते. राहवलंच नाही. काही वाईट लिहिलं नाही. लिहिलं की तुमचे बंधू खुशाल आहेत, त्यांचं घड्याळदुरुस्तीचं छान दुकान आहे, ह्या वयातही चष्म्याशिवाय काम करतात, केसाएवढा स्क्रू नुसत्या डोळ्यानं बसवतात, रोज चारला माझ्या आत्याकडे चहाला येतात. मला वाटलं, बर्फ थोडा वितळेल. तूही तिकडून घड्याळजींना जरा हलव ना. म्हातारपणी दोघं एकदा भेटली तर पुस्तकापेक्षा मोठं काम होईल.

पानांचे आकडे तिला पुढच्या आठवड्यात पाठवते.

तुझी
ठमी

*

२ एप्रिल

ठमे,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहायला बसले, तीनदा फाडलं. आज फाडणार नाही असं ठरवून बसले आहे.

तुझं पत्र मी घड्याळजींना वाचून दाखवलं. नेहमी दाखवते, तुझी पत्रं त्यांना आवडतात. वाचता वाचता माझ्याच लक्षात यायला हवं होतं, पण तोंड पुढे गेलं आणि डोकं मागे राहिलं. 'कारण उघड आहे' इथपर्यंत आले, आणि त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा होता. उठले, टोपी घातली, गेले. त्याला आज सोळा दिवस झाले. दुकान उघडतात, समोरून जाताना मला दिसतात, मान वर करत नाहीत. मी रोज चारला दोन कप मांडते.

तुझ्या दोन पेट्या बरोबर होत्या.

आता लिहूनच टाकते. मोजणीदार तळ्याकाठून पुढे आला नाही. तिथं डोंगरात चार घरांची वस्ती होती. तिथलाच एक तरुण, पंचवीस-सव्वीसचा, मागे पुढे कुणी नसलेला, तो ह्यांच्याबरोबर आला. परवाना सातजणांचा होता. सात गेले तर चौकीवर सात परत दिसायला हवेत. सहा दिसले असते तर सगळ्यांना अडकवलं असतं, असं हे म्हणत. चौकीवर कुणी चेहरे पाहत नव्हतं, मुंडकी मोजत होतं. तो मोजणीदाराचा कोट घालून, त्याचे कागद खिशात घेऊन रांगेत उभा राहिला. आधी वाटलं होतं की चौकीपुरतंच आहे. मग पुढच्या कागदासाठी मागचा कागद लागला, त्याच्या पुढच्यासाठी तो. बघता बघता दुकानाची पाटी लागली, घर झालं, म्हाताऱ्यांच्या यादीत नाव लागलं. सगळं त्या एका कोटावर उभं आहे.

मला हे लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं. तो पाण्याचा जग हातून सांडला नव्हता, मी तो सांडला.

तू विचारशील, मोजणीदाराचं काय झालं. मला माहीत नाही. शपथेवर सांगते, माहीत नाही. ह्यांनी एकदा सांगितलं की तो राहिला, त्याला ती जागा इतकी आवडली की हलेना, आणि म्हणाला, घरी काही कळवू नका. पण शेवटच्या आजारात हे दिवसभर एकच बडबडायचे, "मी त्याला वर चढायला लावायला नको होतं." मग कुठलं खरं? रोजनिशीत त्या अकरा दिवसांची पानं कोरी आहेत. फाडलेली नाहीत, कोरी. तारखा घातल्यात आणि खाली काही नाही. मी पुस्तकात 'मुक्काम' एवढाच शब्द घातला.

घड्याळजींना माहीत असणार. ते तिथं होते. पण मी कधी विचारलं नाही. रोज समोर बसणाऱ्या माणसाला काही गोष्टी विचारायच्या नसतात, नाहीतर तो समोर बसत नाही. आता बघ, न विचारताच बसेनासे झालेत.

आणि हे शेवटचं, जे लिहायला तीन कागद फाडले. त्या बहिणीला गेलेलं उत्तर माझ्या अक्षरात आहे. 'बरा आहे, त्रास देऊ नये.' हे सांगत होते, मी लिहीत होते. मी तेव्हा पस्तिशीची होते, लहान नव्हते. तिकीटही मीच लावलं.

सूचीत एकच नोंद ठेव. एका माणसाचं नाव जाईल गं, म्हातारपणी. हे वाचून पत्र जाळ, असं म्हणणार नाही, तुझ्याकडे कुठे चूल आहे. पण कुठे ठेवशील ते नीट बघ.

आत्या

*

६ एप्रिल

आदरणीय बाई,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे. माझ्या भावाबद्दल तुम्ही आपुलकीनं लिहिलंत, त्याबद्दल आभारी आहे.

पण मला एक कळत नाही. तुम्ही लिहिता की तो चष्म्याशिवाय केसाएवढा स्क्रू बसवतो. माझ्या भावाला सहाव्या वर्षी चष्मा लागला. चष्मा काढला तर त्याला ताटातलं दिसत नसे. आई त्याला हात धरून अंघोळीला नेई. वयानं डोळे सुधारतात का, असं मी इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारून आले. ते हसले.

तुम्ही सूची करता. इतक्या माणसांची इतकी पानं, एखाद्याचं एखाद्याकडे जात असेल. तुमच्याकडून दोन माणसांची अदलाबदल झाली आहे का? रागावू नये. मी बेचाळीस वर्षं एका जिवंत माणसावर रागावले आहे. तो राग दुसऱ्याच कुणावर गेला असेल तर मला कळायला हवं, एवढंच.

पानांचे आकडे अजून आले नाहीत. वाट पाहते.

मोजणीदाराची बहीण

*

१० एप्रिल

प्रिय आत्या,

सोबत तिचं पत्र जोडते आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? मी चष्म्याचं कौतुक म्हणून लिहिलं होतं! बर्फ वितळावा म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू म्हणाली होतीस, लिहू नकोस, मला पाठव. एक दिवस. एका दिवसानं तुझं पत्र उशिरा आलं, की मी एक दिवस घाई केली, हे आता कोण ठरवणार.

मला काहीच सुचत नाही. खरंच सांगते, बावीस वर्षांत असं झालं नाही. सूचीकाराला मत नसतं, म्हणून मला हे काम आवडतं. पुस्तकात जे आहे ते कुठे आहे एवढं सांगायचं आणि बाजूला व्हायचं. आता मी एक आकडा लिहिला की एका बाईला भाऊ मिळतो की जातो, तेसुद्धा मला कळत नाही. एकशे अठरापर्यंतची पानं पाठवली तर तो तिच्या दारात का आला नाही ते तिला कळेल. तो येऊच शकला नाही. निदान एवढं तरी. आणि सगळी पाठवली, तर ती दुसऱ्याच माणसाबद्दल वाचत बसेल, खेचरांचे कान धरणाऱ्या, आणि तिला ते पटणार नाही, कारण ती आपल्यासारखी नाही, तिनं त्याला अंघोळीला नेताना पाहिलंय.

भाडेकरूंच्या कायद्याबरोबर दुसरंही एक कायद्याचं पुस्तक मागे केलं होतं. 'ओळख, खोटी: २०७' ही नोंद माझीच. काल ते पान पहिल्यांदा वाचलं. मी सूच्या करते आत्या, पुस्तकं वाचत नाही, हे कुणाला सांगू नकोस. पान दोनशे सातवर 'शिक्षा होऊ शकते', 'वय विचारात घेतलं जाऊ शकतं', 'मुदत लागू असेल किंवा नसेल' असं आहे. लेखक माझ्याहून गोंधळलेला दिसला.

तुला ते पत्र लिहायला सांगितलं तेव्हा तू काकांना काही म्हणालीस का? रागानं विचारत नाही. मला फक्त तुझी बाजू कुठे ठेवायची ते हवंय.

प्रकाशकांनी सोमवारी सूची मागितली होती. मला ताप आलाय असं सांगून पंधरा दिवस घेतले. खोटं बोलायला एवढं सोपं असतं हे माहीत नव्हतं. एकदा बोललं की दुसरं आपोआप पाठोपाठ येतं. कुठला ताप, तर व्हायरल, मग कुठले डॉक्टर, तर शेजारचे. त्या कोटासारखंच.

ठमी

*

१४ एप्रिल

ठमे,

तुझा प्रश्न आधी. नाही, काही म्हणाले नाही. शाई संपत आली होती, म्हणून लवकर सांगा एवढं म्हणाले. हे मला स्पष्ट आठवतं.

घड्याळजी काल आले. चार वाजता, जसं काही झालंच नाही. चहा घेतला. मी तिचं दुसरं पत्र टेबलावर उघडं ठेवलं होतं. त्यांना वाचता येतं, उशिरा शिकले, मीच शिकवलं. ते ओळींवरून बोट फिरवत होते आणि मी खिडकीकडे बघत होते. मग त्यांनी माझं भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं. मी म्हटलं, "अहो, ते चालू आहे." म्हणाले, "असू दे." सगळं उघडलं, प्रत्येक चाक पुसलं, परत बसवलं, भिंतीला लावलं आणि गेले. दीड तास. एक शब्द नाही. पुस्तकातल्यासारखेच.

मी विचार केला आणि माझा निर्णय झाला आहे. पुस्तकच नको. तुझ्या प्रकाशकांना कळव, लेखिकेनं मागे घेतलं, तब्येत बरी नाही म्हण, तुला आता सवय झालीच आहे. ह्यांच्या रोजनिश्या कपाटात होत्या, तिथंच परत जातील. मला वाटलं होतं की ह्यांचं काम लोकांना कळावं. सहा वर्षं भिंग धरून बसले. पण अळीमिळी गुपचिळी करून मोठं पुस्तक निघत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं.

त्या बाईंना काही पाठवू नकोस. आकडे नाहीत, पुस्तकच नाही म्हण. त्यांनी आणखी थोडी वर्षं रागावून काढली तर काढली. राग माणसाला उभं ठेवतो. खोटं कळलं तर त्या कशावर उभ्या राहतील?

मला यात पुन्हा काही विचारू नकोस.

आत्या

*

२२ एप्रिल

प्रिय आत्या,

विचारू नकोस म्हणालीस, तरी लिहिते आहे. आठ दिवस थांबले. तू थकली असशील, मीही थकले आहे.

पुस्तक मागे घेऊ देणार नाही. मी आजच सूची ऑफिसात दिली. 'मोजणीदार' एकच नोंद, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकशे त्र्याऐंशी चिठ्ठ्या. तू म्हणालीस तशीच. छापलेल्या पुस्तकात घड्याळजींना कुणी हात लावू शकणार नाही. बावीस वर्षांत मी केलेली ही पहिली खोटी नोंद. देताना गठ्ठा दोनदा परत मागून घेतला, आणि प्रकाशक म्हणाले, "अजून ताप उतरलेला दिसत नाही, घरी जा." घरी आले. रडले नाही, कपाट आवरलं.

ही कुणाशी केलेली देवाणघेवाण नाही. तू हो म्हणालीस किंवा नाही म्हणालीस तरी सूची तीच राहील. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुला वाटायला नको की ठमी काही वसूल करायला बसली आहे.

मी तिला भेटून आले, आत्या. रविवारी गेले. दोन गाड्या बदलाव्या लागतात. काहीही सांगितलं नाही. तसं ठरवूनच गेले होते आणि तो शब्द पाळला. फक्त म्हटलं, "सूची करणारी मीच, जवळून जात होते." तिला ते खोटं लगेच कळलं, कारण त्या घराजवळून कुठेच जाता येत नाही, रस्ता तिथंच संपतो. तिनं मला बसवलं. घर दोन खोल्यांचं आहे. बाहेरच्या खोलीत एक खाट आहे, त्यावर धुतलेली चादर अंथरलेली आहे आणि कुणी झोपत नाही. मी तिकडे बघितलं तर म्हणाली, "दर पंधरा दिवसांनी बदलते. रागानं बदलते, बरं का. आला तर म्हणायला नको की बहिणीनं साधी चादरसुद्धा नाही घातली."

तू लिहिलंस की राग माणसाला उभं ठेवतो. मीही तसंच समजत होते. पण ती उभी नाही गं. ती कोपऱ्यात स्टुलावर बसते, कारण दुसरी जागा म्हणजे ती खाट.

निघताना तिनं एवढंच विचारलं, "तो जो कुणी चहाला येतो, तो माणूस चांगला आहे का?" मी म्हटलं, "फार चांगला." ती म्हणाली, "मग त्याला काही होऊ नये." आत्या, तिला जवळजवळ सगळं समजलं आहे. आपण समजतो की आपण लपवतोय. तिला फक्त एक गोष्ट ठाऊक नाही, तीच जी तुला आणि मला ठाऊक नाही. तिचा भाऊ त्या तळ्याकाठी राहिला, की गेला. ती जगात एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो रोज चारला तुझ्यासमोर बसतो आणि चालू घड्याळं दुरुस्त करतो. त्यालाही ते कुणाला तरी सांगायचं असेल, असं तुला वाटत नाही? मला वाटतं. पण मला अलीकडे बरंच काही वाटतं आणि त्यातलं निम्मं चुकीचं निघतं, तेव्हा माझ्या वाटण्यावर जाऊ नकोस.

छापू नये, हे मला पटलं आहे. पण न छापणं वेगळं आणि न सांगणं वेगळं, असं मी स्वतःला समजावते आहे. ते बरोबर आहे की मी माझ्या खोट्या नोंदीसाठी निमित्त शोधते आहे, हेही मला धड कळत नाही.

तर आता मागते. मला तिला तुझ्या घरी आणू दे. एक दिवस, चार वाजता. कागद नको, पुस्तक नको, वकील नको, मीसुद्धा हवं तर आत बसेन. तू आधी घड्याळजींना विचार. ते नाही म्हणाले तर हा विषय इथंच संपला, पुन्हा काढणार नाही. पण त्यांच्या वतीनं तू नाही म्हणू नकोस. आणि ते जुनं पत्र तुझ्या अक्षरातलं आहे हे ओळखून ती तुला काही म्हणाली, तर तुला खाली मान घालून ऐकावं लागेल, हे मला समजतं. म्हणूनच तुझं उत्तर काय येणार तेही मला माहीत आहे. बहुधा एका ओळीचं असेल, आणि खाली गुडघे बरे आहेत असं लिहिलेलं असेल.

तरी विचारते. ती गाडीत उलट्या दिशेला बसू शकत नाही, म्हणून जागा आधी धराव्या लागतील. कुठल्या तारखेच्या धरू?

तुझी
ठमी